हरवणारे गेम, राबवणारे गेम

१९८५ साली जपानमध्ये निघालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमचा सगळा ऐवज ४० किलोबाइटांत बसला होता. आठ जगे, बत्तीस स्टेज, कासवे, मासे, आग ओकणारा राक्षस, राजकन्या आणि एकदा कानात शिरली की बाहेर न पडणारी ती धून, हे सगळे त्यात आले. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा गुलाबाचा फोटो याहून जड असतो, आणि त्यात राजकन्याही नसते. मारिओत जागेची टंचाई इतकी, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. एकाला पांढरा रंग दिला, दुसऱ्याला हिरवा. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला मात्र संगणकावर १५० जीबी जागा लागते. तेवढ्यात पस्तीस लाखांहून जास्त मारिओ सुखाने नांदतील. एवढ्या जागेचे केले काय, तर नायकाची दाढी वाढते, जेवला नाही तर तो वाळतो, घोड्याला खरारा करावा लागतो, बंदूक पुसून ठेवावी लागते, आणि कडाक्याच्या थंडीत घोड्याच्या देहात जो खासगी स्वरूपाचा संकोच होतो तोही इमानेइतबारे दाखवला आहे. प्रगती झाली यात शंका नाही. ती झाल्यावर खेळणाऱ्याच्या वाट्याला काय आले, एवढेच विचारायचे आहे. जुने आणि नवे गेम पाठोपाठ खेळून पाहिले की माझे मत असे होते: जुना गेम आपल्याला हरवायला बसलेला असे, नवा आपल्याला कामाला लावायला बसलेला असतो. याचे कारण ग्राफिक्समध्ये शोधून सापडत नाही. ते गल्ल्यात आहे.

पहिल्या पिढीतले गाजलेले गेम घरात नव्हे, दुकानात वाढले. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा १९८० चा 'पॅक-मॅन' ज्या यंत्रात असे, त्याला नाणे टाकायची फट होती, आणि यंत्राची कमाई खेळणारा मेल्यावर होई. मालकाच्या दृष्टीने सर्वांत वाईट गिऱ्हाईक म्हणजे चांगला खेळणारा मुलगा. एका नाण्यात तो तासभर उभा, आणि मागे रांग ताटकळलेली. म्हणून गेम बनवणाऱ्याचे काम मोठे नाजूक होते. माणसाला दोन-चार मिनिटांत मारायचे, पण असे मारायचे की चूक त्याला स्वतःचीच वाटली पाहिजे. नाहीतर तो दुसरे नाणे काढणार नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये यातले निम्मे काम यंत्राच्या दुबळेपणानेच केले. पडद्यावर शत्रूंची गर्दी असताना सगळ्यांना हलवण्यात प्रोसेसरची दमछाक होई. शत्रू मरत गेले की त्याचे ओझे उतरे आणि उरलेले भराभर सरकू लागत. म्हणजे आपण जिंकत आलो की गेम अवघड होई. तोमोहिरो निशिकादो या त्याच्या कर्त्याने हा दोष तसाच राहू दिला, आणि पुढच्या कित्येक गेमनी तो नियम म्हणून उचलला. महाराष्ट्रातल्या पार्लरांत जो 'मुस्तफा' गाजला, त्याचे कागदोपत्री नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा गेम. यंत्रावरचे लांबलचक इंग्रजी नाव वाचण्याच्या भानगडीत न पडता पोरांनी चार नायकांपैकी एकाच्या नावाने त्याचे बारसे उरकले. हिशेब तिथेही तोच होता: नाणे, मारामारी, मरण, पडद्यावर उलटी मोजणी, आणि खिसा चाचपणे.

टीव्हीला जोडायचा गेम घरी आला तेव्हा नाण्याची फट गेली, पण स्वभाव गेला नाही. त्याला एक व्यवहारी कारणही होते. कॅसेटमध्ये जागा चिमूटभर. गेम सोपा ठेवला तर दुपारी आणलेली कॅसेट संध्याकाळी संपायची आणि पैसे बुडाल्याची भावना घरभर पसरायची. थोडा माल पुरवून पुरवून खायला लावायचा तर अवघडपणाशिवाय इलाज नव्हता. म्हणून 'कॉन्ट्रा'मध्ये एक गोळी लागली की एक लाइफ गेली. नायक दोन माणसांइतका रुंद, उघडा, पीळदार. पण प्रतिकारशक्ती कागदाची. त्यावर तोड म्हणून बटणांचा तो प्रसिद्ध क्रम मारून तीस लाइफ मिळवायच्या. या क्रमाचा उगम पाहण्यासारखा आहे. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासून पाहायचा होता, आणि तो त्यांना स्वतःलाच जमेना. तेव्हा त्यांनी आपल्यापुरती ही चोरवाट ठेवली आणि ती गेममध्ये तशीच राहून गेली. स्वयंपाक्याला स्वतःची भाजी खाववत नव्हती. तरी जगाने ती मिटक्या मारत खाल्ली.

हे गेम उद्धट होते, यात वाद नाही. मारिओत शिकवणी वगैरे काही नाही. गेम सुरू होतो, उजवीकडून एक तपकिरी प्राणी चालत येतो, आपण त्याला ओळखीचा समजून भेटायला जातो आणि मरतो. धडा पहिला संपला. 'डक हंट'मध्ये बदक चुकले की गवतातून कुत्रा वर येऊन आपल्याला हसतो, आणि घरच्या आवृत्तीत त्या कुत्र्यावर गोळी झाडायची सोय नाही. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' राजकन्येला वाचवायला साठ मिनिटे देतो. एकसष्टाव्या मिनिटाला वशिला चालत नाही. मारिओ सात किल्ले जिंकतो आणि सातही वेळा त्याला ऐकवले जाते की बाई इथे नाहीत, पुढच्या किल्ल्यात बघा. सरकारी कचेरीचा अनुभव नसलेल्या जपानी मुलांना हा धक्काच असणार. पण या उद्धटपणात एक सचोटी होती. गेमला आपल्याकडून काही नको होते. तो 'पुन्हा ये' म्हणत नसे, आपण गेलो तर त्याला वाईट वाटत नसे, आणि जिंकलो तर तो संपत असे. 'पॅक-मॅन'चा तर कोणी २५६ व्या स्टेजपर्यंत पोचेल यावर कर्त्यांचाच विश्वास नव्हता. स्टेजचा आकडा एका बाइटात साठवलेला, त्याची मर्यादा २५५. पुढे गेले की अर्ध्या पडद्यावर अक्षरांचा कचरा सांडतो आणि गेम हात टेकतो. आज कोणत्या गेमने खेळणाऱ्यापुढे हात टेकले आहेत?

आता गल्ला हलला आहे. नव्या गेमांतले सर्वांत पसरलेले, म्हणजे फोनवरचे, फुकट असतात, आणि फुकट गेमची कमाई आपण मेल्यावर होत नाही. आपण थांबून राहिल्यावर होते. तेव्हा आपल्याला मारून घालवण्यात त्याचे नुकसान आहे. त्याला आपण हवे असतो, रोज, ठरल्या वेळी. २००९ च्या 'फार्मव्हिल'ने ही दिशा दाखवली. पेरलेले पीक वेळेवर काढायला आला नाहीत तर ते सुकायचे, मग भले तुमच्या घरी लग्न असो. २०१२ च्या 'कँडी क्रश'ने जुन्या लाइफ परत आणल्या, पण उलट्या अर्थाने. पाच लाइफ, गेलेली प्रत्येक अर्ध्या तासाने भरून येणार. थांबा, किंवा पैसे मोजा, किंवा मित्रांकडे मागा. पूर्वी लाइफ संपली की आपण घरी जात होतो, आता प्रतीक्षायादीत जातो. पुढे रोजच्या हजेरीचा बोनस आला, आठवड्याचे टार्गेट आले, सुट्टीच्या दिवशी दुप्पट गुण, म्हणजे ओव्हरटाइम आला. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे बॅटल पास. त्यात आपण आधी पैसे भरतो, मग भरलेल्या पैशांच्या वस्तू मिळाव्यात म्हणून दोन-तीन महिने राबतो, आणि मुदतीत काम झाले नाही तर उरलेल्या वस्तू हातच्या जातात. मालकाला पगार देऊन वर त्याची कामे करायची ही पद्धत जगातल्या कुठल्याही कामगार संघटनेने मान्य केली नसती. खेळणारे मात्र ती आनंदाने पाळतात आणि तिला विरंगुळा म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, ही फुकट्या गेमची गोष्ट झाली. चार-पाच हजार रुपये मोजून घेतलेल्या गेमचे काय? त्यांनाही हा वास लागला आहे. २०१५ च्या 'द विचर ३'मध्ये नायक गेराल्ट राक्षस मारणारा व्यावसायिक आहे, ताटातूट झालेल्या प्रेयसीच्या शोधात निघालेला; पण गावात शिरताच एक म्हातारी त्याला अडवते आणि तिचा तळणीचा तवा शोधून आणायला सांगते. तो आपली अमानवी घ्राणशक्ती आणि दृष्टी पणाला लावून तवा आणतो. २०१९ च्या 'डेथ स्ट्रँडिंग'चा नायक तर कुरियरच आहे. पाठीवर खोक्यांची चळत, डोंगर, बर्फ, झिजणारे बूट, काही खेपांत पिझ्झा उभा न होऊ देण्याची अट, आणि मोबदला म्हणून लाइक्स. मार्च २०२० मध्ये सगळे जग घरात कोंडले गेले असताना 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'ने लोकांना एका रम्य बेटावर नेले, आणि तिथे पोचल्याबरोबर त्यांच्या हातात बिल ठेवले. ते फेडले की घर, आणि घर म्हटले की ९८,००० बेल्सचे गृहकर्ज. हे कर्ज बिनव्याजी आहे, हप्त्याची तारीख नाही, थकले तर फोन येत नाही. गेम काल्पनिक आहे हे इथे पहिल्यांदा पटते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या २०१७ च्या झेल्डा गेममध्ये डोंगरदऱ्यांत ९०० बिया दडवल्या आहेत. त्या सगळ्या गोळा करणाऱ्याला शेवटी बक्षीस म्हणून मिळतो सोनेरी विष्ठेच्या आकाराचा एक गोळा. एवढ्या उघडपणे खेळणाऱ्याची हजेरी घेणारा गेम मला दुसरा माहीत नाही, आणि म्हणूनच तो मला आवडतो.

जुन्या आणि नव्याची तुलना एकाच गेमवर करायची असेल तर 'फायनल फँटसी ७' घ्यावा. १९९७ चा मूळ गेम तीन सीडींवर आला होता. नव्या अवतारात सीडी तीनऐवजी गेमच तीन करायचे ठरले. मूळ गेममध्ये मिडगार नावाचे शहर पाच-सात तासांत मागे पडते. २०२० चा सगळा नवा गेम, तीसेक तासांचा, त्या शहरातच घडतो. २०२४ चा दुसरा भाग शहराबाहेर पडतो, पण तिथे चॅडली नावाचा एक पोरगेलासा शास्त्रज्ञ दबा धरून आहे. आपण एखाद्या मनोऱ्यावर चढलो, एखादा झरा पाहिला, की याचे बोलणे सुरू: छान झाले, आता पुढचे चार झरे बघा. चित्रे अप्रतिम, संगीत अप्रतिम, आणि त्यात हा सुपरवायझर. इथे जाणकार लगेच म्हणतील की १९९७ च्या गेममध्येही आकाशात जगाचा नाश करायला निघालेली उल्का टांगलेली असताना आपण खाली मोठमोठ्या पक्ष्यांच्या जोड्या लावत, त्यांच्या शर्यती खेळत बसत होतो. अगदी खरे. वेळ वाया घालवण्याची सोय जुन्या गेममध्येही होती. फरक एवढाच की तेव्हा तो आपण आपल्या मर्जीने घालवत होतो. कोणी यादी हातात देऊन, टक्केवारी दाखवून घालवायला लावत नव्हते.

दुसरा आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे स्मरणरंजन, चाळिशी आली की सगळ्यांनाच लहानपणीचे आंबे गोड लागतात. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून जुन्या गेमचे दोषही मांडले पाहिजेत. त्यांतले बरेचसे आज खेळवत नाहीत. सेव्ह करायची सोय नाही, उडी कुठे संपेल याचा भरवसा नाही, आणि कित्येकांतला अवघडपणा म्हणजे निव्वळ दुष्टपणा. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटांवर तर '९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत तेच दहा-वीस गेम नावे बदलून फिरत. ज्यांचे डोळे, कान किंवा हात साथ देत नाहीत, त्यांना तर जुन्या गेमनी दारातच उभे केले. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'मध्ये अशा खेळणाऱ्यांसाठी साठाहून जास्त सोयी आहेत, दृष्टिहीन माणसेही तो शेवटपर्यंत खेळू शकतात. ही खरी प्रगती, तिच्यापुढे ढग-झुडपाच्या काटकसरीचे कौतुक फार ताणू नये. पण सगळेच स्मरणरंजन म्हणावे तर एक अडचण येते. १९८९ च्या निन्टेन्डोवरच्या 'टेट्रिस'मध्ये २९ व्या लेव्हलच्या पुढे माणसाची बोटे पोचणार नाहीत, असे बरीच वर्षे मानले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकन मुलाने १५७ वी लेव्हल गाठून तो गेम गोठवला. हे करणारा तो पहिलाच माणूस, आणि त्याचे वय होते १३. हा गेम निघाला तेव्हा तो जन्मायला वीस वर्षांहून जास्त अवकाश होता. त्याला लहानपणीचे आंबे कुठून आठवणार? त्याला त्या गेममध्ये जे सापडले ते गेममध्येच आहे: मोजके नियम, वाढता वेग, आणि मधे बोलणारे कोणी नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. लोकांना काम आवडते, त्याचे काय? २०२२ च्या 'पॉवरवॉश सिम्युलेटर'मध्ये पाण्याच्या फवाऱ्याने घाण धुवायची, बस. घरचा ओटा पुसताना ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात तेच लोक त्यात दुसऱ्याची व्हॅन तासन्‌तास धुतात. कारण उघड आहे. तिथे किती टक्के झाले ते दिसते, एकेक भाग स्वच्छ झाला की टिंग वाजते, आणि धुतलेल्या जागेवर कोणी पुन्हा चहा सांडत नाही. खऱ्या नोकरीत काम झाले की नाही हे साहेबाच्या तोंडाकडे पाहूनही कळत नाही. तेव्हा एका नोकरीवरून घरी येऊन माणूस दुसरीवर रुजू होतो, यात दोष पहिल्या नोकरीचा जास्त आहे. एरिक बरोन या एकाच माणसाने चारेक वर्षे खपून केलेला, २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली' हे ओळखतो. त्याचा नायक कंपनीतली खुर्ची सोडून आजोबांच्या शेतावर जातो, आणि ऑफिसातून दमून आलेले लाखो लोक त्याच्यातर्फे नांगरणी करतात. तरीही मी या गेमला 'फार्मव्हिल'च्या रांगेत बसवणार नाही. 'स्टारड्यू'त आपण गेम बंद केला की तिथले घड्याळ थांबते. पीक वाट पाहते. महिनाभराने गेलो तरी कोणी टोमणा मारत नाही. म्हणजे माझी तक्रार कामाबद्दल नाही, मस्टरबद्दल आहे.

आणि इथेच जुन्या-नव्याची भिंत पडते, हे मान्य करायला हवे. २०२२ च्या 'एल्डन रिंग'ने खेळणाऱ्याला दर पाच मिनिटांनी मारले, कामांची यादी दिली नाही, कुठे जायचे ते धड सांगितले नाही, आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटी प्रती खपल्या. लोकांना अवघड काही नको असते, हे कारण देणाऱ्यांची त्याने पंचाईत केली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी' काही तासांत संपतो. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी वाटेत कोणाचा तवा शोधत बसत नाही. हे दोन्ही गेम नवे आहेत आणि दोन्ही एकदा पैसे घेऊन मोकळे होतात. तेव्हा दुभाजक साल नाही, गल्ला आहे. नाण्याच्या यंत्राला आपण लवकर मरायला हवे होतो, फुकट गेमला आपण कधीच मरायला नको आहोत. दोघांचाही आपल्यावर काडीचा जीव नाही. या दोन लोभांच्या मधे ती जागा आहे, जिथे आपण एकदा किंमत मोजतो आणि मग गेमला आपल्याकडून आपल्या लक्षाखेरीज काही मागायचे उरत नाही. चांगले गेम, १९८९ चे असोत की २०२२ चे, बहुतेक तिथेच सापडतात.

तेव्हा गेम घेताना ग्राफिक्स किती, जीबी किती, तास किती, हे प्रश्न दुय्यम समजावेत. 'शंभर तासांचा गेम' ही जाहिरात ऐकून तर आधी सावध व्हावे. शंभर तास म्हणजे सरकारी हिशेबानेही अडीच आठवड्यांची नोकरी होते. दोनच गोष्टी पाहाव्यात: हा संपतो का, आणि चार दिवस फिरकलो नाही तर याचे काही बिघडते का. संपत असेल आणि बिघडत नसेल, तर तो खुशाल खेळा, हरा, चिडा, पुन्हा खेळा. संपत नसेल आणि तुमच्या गैरहजेरीची नोंद ठेवत असेल, तर निदान पगाराची चौकशी करा.